मासा किती खोल? लहान होडी, मोजके पैसे आणि डाउनरिगर

कोल्हापूर जिल्ह्यातलं गेळवड्याजवळचं कासारी धरण पूर्ण भरलं की त्यात पावणेतीन टीएमसीच्या आसपास पाणी मावतं, कडवी धरणात अडीच. एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर. शाहूवाडी तालुक्याच्या उत्तरेला वारणा अडवून झालेला चांदोलीचा जलाशय तर ३४.४० टीएमसींचा. एवढं पाणी डोळ्यांपुढे पसरलेलं असताना होडीतून गळ टाकणाऱ्याला सुचतं ते आडवंच: या काठाला टाकू की त्या, कड्याखाली की मधल्या खोलात? मासा मात्र आडव्यापेक्षा उभ्या दिशेने जास्त निवड करतो. जागा बरोबर आणि खोली चुकली, तर दिवसभर गळ मोकळाच येतो.

जाळ्यावर पोट असणाऱ्या मच्छीमारांना हे केव्हाचं ठाऊक आहे. उभं जाळं लावताना वरच्या दोरीला किती तरंगी बांधायची आणि खालच्या दोरीला किती वजन, यावर ते जाळं पृष्ठाला राहणार, मधे लोंबणार की तळाला टेकणार हे ठरतं. गळ ओढणाऱ्याची अडचण वेगळी. त्याची होडी चालती असते. आमिष मागे ओढत न्यायचं असतं, आणि ओढलं की आमिष वर येतं. दोरीला थेट जड शिसं बांधलं तर आमिष खाली राहतं खरं. पण मासा लागल्यावर माशाबरोबर ते शिसंही ओढावं लागतं आणि मासा झटका देऊन सुटतो.

या अडचणीवरचं उत्तर म्हणजे डाउनरिगर. विहिरीवरच्या रहाटासारखंच हे काम आहे: एक चकती, तिच्यावर गुंडाळलेली बारीक मजबूत तार, होडीच्या काठाबाहेर आलेला एक हात आणि तारेच्या टोकाला जड गोळा. गळाची दोरी वेगळी. ती गोळ्याजवळच्या एका चिमट्यात अडकवायची. गोळा खाली गेला की तो गळाच्या दोरीलाही खाली नेतो, आणि आमिष त्याच्या मागे काही मीटरवर पोहत राहतं. माशाने ओढ दिली की चिमट्यातून दोरी निसटते. मग माशाशी झुंज फक्त काठी आणि दोरीची, गोळा तिथेच लोंबत राहतो. यंत्राचं सगळं मर्म त्या निसटण्यात आहे, बाकी भाग भार वर-खाली करण्यापुरते.

हे साधन लोकप्रिय झालं ते अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या महासरोवरांमुळे. १९६६ साली मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाने, हॉवर्ड टॅनर यांच्या पुढाकाराने, मिशिगन सरोवराला मिळणाऱ्या ओढ्यांमध्ये कोहो सॅमनची पिल्लं सोडली. सरोवरात एलवाइफ नावाच्या लहान माशांचा सुळसुळाट झाला होता, ते खाऊन सॅमन झपाट्याने वाढले. सॅमन थंड पाण्याचा मासा, त्याला १२ अंश सेल्सिअसच्या आसपासचं पाणी मानवतं. उन्हाळ्यात असं पाणी बरंच खाली असतं, आणि या सरोवराची सरासरी खोलीच ८५ मीटर आहे. पृष्ठावर गळ फिरवून तिथे काही हाती लागत नव्हतं. म्हणून डाउनरिगर घरोघरच्या होड्यांवर चढला.

ही कथा सांगायचं कारण असं की यंत्र विकत घेण्याआधी ते कोणत्या पाण्यासाठी बनलं हे समजून घ्यावं. कासारीत सॅमन नाही आणि १२ अंशांचं पाणीही नाही. तरी आपल्या जलाशयांतही थर पडतात. मार्च ते मे या काळात वरचं पाणी तापतं, हलकं होतं आणि वरच राहतं. खालचं तुलनेने गार, जड पाणी त्याच्यात मिसळत नाही. अनेक खोल जलाशयांत या काळात तळाजवळचा प्राणवायू घटत जातो, कारण तिथे कुजणाऱ्या पालापाचोळ्याला तो लागतो आणि वरून नवा पोहोचत नाही. मासा गारव्यासाठी खाली उतरतो, पण प्राणवायू संपतो त्याच्या खाली जात नाही. या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात तो सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. हिवाळ्यात, आंबा घाटाच्या बाजूचा गारठा उतरला की वरचं पाणी थंड होऊन खाली बसतं, थर मोडतात आणि मासा कुठेही असू शकतो. तेव्हा उन्हाळ्याचा हिशोब डिसेंबरात लागू पडत नाही.

हा पट्टा शोधायला महागडं यंत्र लागत नाही. पहिलं साधन ताटली. १८६५ साली अँजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने समुद्रात पांढरी थाळी दोरीने सोडून ती कुठे दिसेनाशी होते हे मोजलं, आणि ती पद्धत आजही जगभर पाण्याची पारदर्शकता मोजायला वापरतात. घरातली २० सेंटिमीटरची ताटली पांढरी रंगवून तिला मधोमध भोक पाडलं आणि खाली वजन बांधलं की झालं. ती दिसेनाशी होते त्याच्या ढोबळ दोन-अडीचपट खोलीपर्यंत सूक्ष्म वनस्पतींना पुरेसा उजेड मिळतो. प्राणवायू तयार होतो तो या भागात, आणि लहान मासेही बहुधा याच भागात चरतात. पावसाळ्यानंतर गढूळ पाण्यात ही खोली अगदी कमी असते. अशा वेळी १५ मीटरवर आमिष नेणं म्हणजे अंधारात नेणं.

दुसरं साधन बाटली. वजन बांधलेल्या बाटलीला सैलसर बूच लावायचं, बुचाला वेगळी दोरी. बाटली ठरलेल्या खोलीवर गेली की बुचाची दोरी झटक्याने ओढायची, बाटली भरू द्यायची, वर घेऊन लगेच तापमापी बुडवायची. दर दोन मीटरला एक नोंद. ज्या टप्प्यात तापमान अचानक उतरतं तिथे थरांची सीमा आहे असं समजावं. एका सकाळीत हे काम उरकतं, आणि त्यातून कळतं ते कुठल्याही जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

खोलीबद्दल आणखी एक गोष्ट इथल्या पाण्यात विसरून चालत नाही. ऑगस्टात भरलेलं धरण मेपर्यंत शेतीसाठी रिकामं होत जातं आणि पातळी कित्येक मीटरनी उतरते. ऑक्टोबरात जिथे १८ मीटर मोजले तिथे एप्रिलमध्ये तळ उघडा पडलेला असू शकतो. धरणावर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये रोज नोंदली जाते. ज्या दिवशी तुम्ही खोली मोजलीत त्या दिवशीची ही पातळी वहीत लिहून ठेवली, तर पुढे कुठल्याही दिवशी त्या जागेची खोली वजाबाकीने निघते. माझ्या मते ही वही डाउनरिगरपेक्षा मोलाची आहे.

आता मासे. आपल्या जलाशयांत बीज सोडून वाढवलेले कटला, रोहू, मृगळ हे मुख्य उत्पन्न. त्यांनी पाणी वाटून घेतलेलं असतं: कटला वरच्या थरातले प्लवक गाळून खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाशी. यांपैकी एकही मासा मागे पळणाऱ्या चकाकत्या आमिषावर झडप घालणारा नाही. चिलापी काठाजवळची. मरळ उथळ, गवताळ पाण्यातला. मग डाउनरिगर कोणासाठी? शिवड्यासाठी, काही प्रमाणात शिंगाळ्यासाठी, आणि जिथे असेल तिथे महसीरसाठी. दख्खनच्या महसीरचं शास्त्रीय वर्णन विल्यम साइक्स या अधिकाऱ्याने १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केलं. पुढे नद्यांत हा मासा घटला, आणि टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याच्या वळवण तलावावर त्याची पैदास १९७०च्या दशकात सुरू केली. महसीर गळाला लागलाच तर हात ओले करून, पाण्यातून फार बाहेर न काढता सोडून द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. खाण्यासाठी दुसरे मासे पुष्कळ आहेत.

तेव्हा आधीच सांगितलेलं बरं: रोहू-कटल्यासाठी डाउनरिगर घेणार असाल तर घेऊ नका. शिकारी माशासाठी घेणार असाल तर पुढचं वाचा.

दुकानातल्या वर्णनात सगळ्यात ठळक लिहिलेलं असतं ते तारेची लांबी आणि गोळ्याचं वजन. पण २० मीटर तार सोडली म्हणजे आमिष २० मीटरवर गेलं असं होत नाही. होडी पुढे जाते, पाणी तारेला मागे ढकलतं आणि तार तिरपी होते. तार उभ्या रेषेशी ३० अंश कलली तर २० मीटरची खोली १७ मीटर उरते, ४५ अंशांत १४. शिवाय पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट केला तर रेटा चौपट. सावकाश चालताना जी तार १५ अंश कललेली होती ती दुप्पट वेगात ढोबळमानाने ४७ अंशांवर जाते, आणि मासा ज्या थरात आहे तिथून आमिष पाच-सहा मीटर वर उचललं जातं. वल्ह्यांवरची होडी तासाला दोन-तीन किलोमीटरने चालते. डाउनरिगरसाठी हा वेग उत्तम आहे. इंजिन नाही म्हणून हळहळण्याचं कारण नाही.

तिरपेपणा कमी करायला लोक गोळा जड करत जातात. त्याआधी तारेकडे पाहावं. ५ किलोचा बिडाचा गोळा सुमारे ११ सेंटिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे पाण्याला तो ९५ चौरस सेंटिमीटरची तोंडभर जागा दाखवतो. २ मिलिमीटर जाडीची २० मीटर तार मात्र ४०० चौरस सेंटिमीटर दाखवते, गोळ्याच्या चौपट! शिवाय गोल गोळ्याभोवतून पाणी जितकं सहज वाहतं तितकं तारेभोवतून वाहत नाही. त्याच जागी घरात पडलेली ६ मिलिमीटरची नायलॉनची दोरी बांधली तर ही जागा १,२०० चौरस सेंटिमीटर होते. सेकंदाला एक मीटर वेग धरून मी केलेल्या ढोबळ हिशोबात, ५ किलोच्या गोळ्याला २ मिलिमीटरची तार असेल तर २० मीटरपैकी १९ मीटर खोली मिळते, आणि ६ मिलिमीटरच्या दोरीने साडेपंधराच्या आसपास. १ मिलिमीटरची विणलेली मजबूत दोरी मिळाली तर त्याहून बरं. थोडे पैसे हातात असतील तर ते दोरीवर घालावेत.

गोळा कशाचा? बाहेर देशी तो बहुधा शिशाचा असतो. पाण्यात कोणतीही वस्तू आपल्या आकारमानाइतक्या पाण्याच्या वजनाने हलकी होते, म्हणून ५ किलो शिसं पाण्यात साडेचार किलो भरतं, ५ किलो बीड ४.३ किलो, आणि आपला काळा दगड ३.३ किलो. शिशाचा बिडावरचा फायदा पावकिलोचा, आणि तोटा मोठा. ते विषारी आहे. ब्रिटनने १९८७ साली गळाच्या लहान शिशांच्या विक्रीवर बंदी घातली, कारण ती गिळून हंस मरत होते. कासारीचं पाणी पुढे पंचगंगेला मिळतं, कडवीचं वारणेला, आणि खाली गावोगाव ते पितात. तळाशी अडकून तुटणाऱ्या गोष्टीसाठी शिसं वापरू नये. बीड आपल्या दारातलं आहे. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमुळे कोल्हापूर देशभर ओळखलं जातं, आणि भंगारवाल्याकडे दुकानातल्या तागडीची जुनी ५ किलोची वजनं कडीसकट मिळतात. कडी असल्यामुळे बांधायची चिंता नाही. गंजू नये म्हणून रंगाचा एक हात द्यावा. आकार गोल नसल्यामुळे ते पाण्यात थोडं गरगरतं, त्यासाठी मधे एक फिरती कडी घालावी.

आता खुद्द यंत्र. विजेवर चालणारे आणि हाताने फिरवायचे असे दोन प्रकार. विजेच्याला १२ व्होल्टची बॅटरी लागते, आणि ती एकटीच दहा-पंधरा किलो भरते. लहान होडीत हा भार एका बाजूला ठेवायचा, पावसापाण्यापासून जपायचा आणि संध्याकाळी घरी नेऊन चार्ज करायचा. २० मीटरवरून पाच किलो उचलायला माणसाचा हात पुरतो, ८० मीटरवरून दिवसातून पन्नास वेळा उचलायचं असेल तर पुरत नाही. आपली गरज पहिली आहे, म्हणून विजेचं यंत्र सोडून द्यावं. हाताच्या यंत्रांत स्कॉटीचं लेकट्रोलर आणि कॅनॉनचं लेक-ट्रोल ही दोन मुद्दाम लहान होड्यांसाठी केलेली आहेत. आखूड हात, लहान चकती, काठाला शिकंज्याने बसवण्याची सोय. परदेशातून मागवताना वाहतूक आणि आयात शुल्क धरूनच किंमत पाहावी. जुनं यंत्र मिळत असेल तर तीन गोष्टी तपासाव्यात: चकती धक्का न देता फिरते का, ब्रेक अर्ध्यावर धरून ठेवतो का, आणि तारेचा एखादा धागा सुटून टोचतो का. सुटलेला धागा बोट कापतो. खोली दाखवणारा आकडा बिघडलेला असला तरी हरकत नाही, दर दोन मीटरला दोरीवर रंगाची खूण केली की तोच आकडा.

पण खरं विचाराल तर पहिल्या हंगामासाठी यातलं काहीच विकत घेऊ नये. बांधकामावर वायर गुंडाळायला वापरतात ती हँडलची रीळ घ्या. होडीच्या बैठकीवर आडवी जाड फळी नट-बोल्टने पक्की करा, फळीचं टोक काठाबाहेर वीतभर येऊ द्या, त्या टोकाला कप्पी, आणि रीळ फळीवर तुमच्या हाताशी. रिळीला अडकवण अशी हवी की एका हाताने लागते आणि एका हाताने सुटते. चिमट्याऐवजी रबर: गळाच्या दोरीभोवती साधं रबर दोन-तीन वेळा गुंडाळून त्याचं टोक गोळ्यावरच्या कडीत अडकवायचं. मासा ओढतो, रबर तुटतं, दोरी मोकळी. जगभरच्या गळवाल्यांची ही जुनी युक्ती आहे आणि ती महागड्या चिमट्याइतकीच चालते. फक्त तुटलेलं रबर पाण्यात टाकू नये, खिशात ठेवावं.

यापुढचा भाग मी सगळ्यात गंभीरपणे लिहितो आहे. आपली धरणं दऱ्यांत झाली. पाण्याखाली झाडांची खुंटं आहेत, बांध आहेत, उठलेल्या वस्त्यांच्या भिंती आहेत. गोळा त्यांत अडकणार हे गृहीत धरा. तार ९० किलो ताण सोसणारी असेल आणि होडी चालती असेल, तर तार तुटेपर्यंत काठाबाहेर ९० किलोचा भार खाली ओढत राहील. पत्र्याची किंवा फायबरची लहान होडी तेवढ्याने कलंडते. म्हणून गोळा आणि तार यांच्या मधे हातभर कमकुवत दोरी असलीच पाहिजे, १२ ते १५ किलोंत तुटणारी. घरी तराजूला लावून किंवा बादलीत पाणी भरून ती खरंच तेवढ्यात तुटते का हे पाहून घ्यावं. अडकल्यावर गोळा जाईल, होडी राहील. भंगारातलं वजन वापरण्याचा हा दुसरा फायदा: ते गमावताना जीव तुटत नाही, आणि माणूस ते सोडवायला काठावर वाकत नाही. जवळ धारदार सुरी चटकन हाती येईल अशा जागी बांधलेली असावी. ट्यूब आणि थर्माकोलच्या तराफ्यावरून डाउनरिगर अजिबात वापरू नये, तिथे भार पेलायला काठच नाही. पुरात गुळाच्या काहिलीत बसून पैलतीर गाठणारी माणसं या जिल्ह्यात आहेत, त्या धाडसाचा मला आदर आहे. पण गळासाठी ती जोखीम घेण्याचं कारण नाही.

मिशिगन सरोवराची कथा मी वर अर्धीच सांगितली. कोहोच्या बातमीने हजारो माणसं मिळेल ती लहान होडी घेऊन पाण्यात उतरू लागली. २३ सप्टेंबर १९६७ रोजी वादळाचा इशारा असूनही अनेक जण गेले. लाटांनी होड्या उलटवल्या, सात जण बुडाले. मासे भरपूर होते, साधनं नवी होती. आपल्याकडेही सह्याद्रीच्या कुशीतल्या जलाशयावर एप्रिल-मेमधला वळवाचा वारा दहा-पंधरा मिनिटांत पाणी उसळवतो. ढग डोंगरामागून येत असल्यामुळे ते उशिरा दिसतात. पश्चिमेचं आभाळ काळवंडलं की आधी गोळा वर, मग काठी, मग काठ गाठायचा.

परवानगीचं थोडक्यात सांगतो, पण ते टाळू नका. धरणांतली मासेमारी मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्याने देतो, बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना. गळ घेऊन उतरण्याआधी त्या संस्थेची परवानगी घ्या, होडीबद्दल धरणाच्या कार्यालयात विचारा. संस्थेच्या जाळेवाल्यांशी बोला, गेल्या आठवड्यात जाळ्याच्या कोणत्या उंचीला मासा गुंतला हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. चांदोलीचा जलाशय मात्र या प्रकरणातून पूर्ण वगळा. चांदोलीला २००४ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तिथे गळ टाकणं हा वन्यजीव कायद्याखालचा गुन्हा आहे.

पैसे मोजकेच असतील तर ते या क्रमाने खर्च करा: होडीत जितकी माणसं तितकी लाइफ जॅकेटं, मग बारीक मजबूत दोरी, मग कप्पी आणि रीळ. ताटली, बाटली, रबर आणि तागडीचं वजन घरातून किंवा भंगारातून येईल. एक उन्हाळा आणि एक हिवाळा वहीत नोंदी करा. त्यातून शिकारी मासा दहा मीटरखाली नियमित मिळतो असं दिसलं, तरच हाताचं लहान यंत्र मागवा. नोंदी तसं सांगत नसतील तर मागवू नका.